नानाजींची सहा वेढ्यांची कॉईल

राजुरा तालुक्यात विहिरीवरची मोटर जळली की ती नानाजी पिंपळशेंड्यांच्या दुकानात भरायला येते. भरायची म्हणजे आतली काळी पडलेली तार खाचांतून उपसून काढायची आणि त्याच मापाची नवी तांब्याची तार बसवायची. चौतीस वर्षं नानाजी हेच काम करत आले. दुकानाच्या पाटीवर त्यांचं एकट्याचं नाव असलं तरी काम दोघांचं होतं. नानाजी तार गुंडाळायच्या यंत्राचा दांडा फिरवायचे आणि समोरच्या लाकडी स्टुलावर बसून त्यांची बायको केसरबाई तारेचे वेढे मोजायच्या.

यंत्रावर आकडे दाखवणारा काटा होता, तो कधीचाच मोडला होता. केसरबाई असताना तो दुरुस्त करायची गरज कुणालाच वाटली नव्हती. खाचांत बसवायचे कागद कापता कापता त्या मोजत. भाजीवाला आला, फोन वाजला, कुणी उंबऱ्यावर उभं राहून पावसापाण्याच्या गप्पा सुरू केल्या, तरी त्यांचा आकडा कधी हलला नाही. शेवटचे तीन वेढे राहिले की त्या आकडा जरा लांबवून म्हणायच्या, म्हणजे नानाजींचा हात आपोआप सावकाश व्हायचा आणि नेमक्या जागी थांबायचा.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्याआधी केसरबाईंना टीबी निघाला. सहा महिने औषधं झाली आणि त्या बऱ्या झाल्या. पण छाती नाजूक राहिली. चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, विडीच्या धुरात अजिबात बसायचं नाही. आणि दुकान म्हणजे विडीचा धूर, यात राजुऱ्यात दुमत नव्हतं. नानाजींची आई उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडायला जायची. घरी पुडक्यांचा ढीग लागायचा. चौदाव्या वर्षी त्याच पानाची पहिली विडी त्यांनी ओढली, आणि पुढे तारेला हात लावायचा तर ओठात विडी हवीच, अशी सवय जडली. घरात ओढणं त्यांनी एका दिवसात बंद केलं. दुकानात जमलं नाही. तीनदा सोडली, तीनदा धरली.

म्हणून केसरबाई घरी राहिल्या आणि स्टूल रिकामं राहिलं.

नानाजींनी नवा काटा आणून बसवला. काटा आकडा बरोबर दाखवायचा, पण तो सावकाश व्हायला सांगत नसे. बासष्ट वेढ्यांच्या जागी त्रेसष्ट व्हायचे. एकदा खोकल्याची उबळ आली आणि पासष्ट झाले. दोन मोटरी भरून दिल्यावर महिन्याभरात परत आल्या. नानाजींनी त्या पुन्हा भरल्या. त्या दिवशी घरी जेवताना ते म्हणाले, "तू ये ना वं दुकानात."

केसरबाईंनी ताटात भात वाढला. "मी येतो ना. विडी गेली की मी आली."

त्या वर्षी भाऊबीजेला नानाजींची बहीण हैदराबादहून आली. तिला सोडायला तिचा मुलगा कुलदीप आला होता. त्याने मामाची अडचण ऐकली आणि खिशातून हाताच्या मुठीएवढी पेटी काढली. वर काचेची टाकी, आत गोडसर वासाचा रस, बटण दाबलं की वाफ. "मामा, मी यानंच सिगारेट सोडली. आता मले हेही नाई लागत. तुमी घ्या." सोबत रसाच्या तीन बाटल्या दिल्या. त्यांवर आकडे होते, बारा, सहा आणि तीन. आकडा जेवढा कमी तेवढी रसातली तंबाखूची नशा कमी, असं त्याने समजावलं.

नानाजींनी ती पेटी दुकानात नेली. शेजारच्या पानटपरीवरून लच्छूने ती पाहिली. लच्छू म्हणजे नानाजींचा वीस वर्षांपासूनचा विडीवाला. तो म्हणाला, "नानाजीभाऊ, बासरी वाजवून राह्यले का? आवाज नाई येऊन राह्यला."

"तुह्या गल्ल्यातला आवाज कमी होईन, थांब," नानाजी म्हणाले.

आठ दिवस बरं चाललं. नवव्या दिवशी वाफेला करपट वास येऊ लागला. नानाजींनी टाकी उघडली. आत दोन छोटे खांब, त्यांच्यात स्क्रूने आवळलेली तारेची इवलीशी गुंडाळी, आणि तिच्या पोटातून आरपार गेलेला कापूस. कापूस काळा ठिक्कर पडला होता. त्यांनी कुलदीपला फोन लावला.

"कॉईल गेली मामा. नवीन बांधा लागते. सहा वेढे द्याचे, मधातून कापूस घालाचा. बाकी तुमाले मी काय सांगू? तुमी तं जिंदगीभर तेच केलं."

ही स्तुती नानाजींना नडली. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. विचारतील कसे? पाच हॉर्सपॉवरची मोटर भरणाऱ्या माणसाने सहा वेढ्यांच्या कॉईलला तार कोणती, हे भाच्याला विचारायचं? त्यांनी चष्मा पुसला, तीन मिलीमीटरच्या ड्रिलवर दुकानातली उत्तम तांब्याची तार घेतली आणि सहा वेढे दिले. एकाला एक लागून, इतके साफ की खुद्द त्यांनाच ते बघत बसावंसं वाटलं. पाय खांबांत अडकवले, स्क्रू आवळले, जादाची तार कापली, बटण दाबलं.

पेटीच्या छोट्या पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली. शॉर्ट.

नानाजींनी स्क्रू पुन्हा आवळले. शॉर्ट. तार सोडून नव्याने वेढे दिले. शॉर्ट. चौतीस वर्षांत त्यांनी इतरांच्या मोटरींना हा शब्द कितीदा तरी सुनावला होता. त्यांच्या कॉईलला तो आजवर कुणी म्हटला नव्हता. त्यांनी ड्रॉवरमधली केसासारखी बारीक तांब्याची तार काढली आणि सहाऐवजी चाळीस वेढे दिले. या वेळी पेटी गप्प बसली. कॉईल तापली आणि तिच्यातून निळसर धुराची एक रेघ निघाली. तो वास नानाजींना पुरता ओळखीचा होता. तारेवरचा मुलामा जळाल्याचा, जळक्या मोटरीचा वास. याच वासावर त्यांनी घर बांधलं होतं. पेटी तोंडाला न लावता त्यांनी ती फळीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

मग ते स्वतःशीच हसले. मोटरीची तार विजेला वाट देते. इथे विजेला अडवायचं होतं; अडली तरच ती तापणार. हे तर शेगडीचं काम. आणि शेगडीची, इस्त्रीची कडक रुपेरी तार त्यांच्याच फळीवर पुडीत पडली होती. लोकांच्या शेगड्या त्यांनी किती दुरुस्त केल्या असतील! माणूस ज्या कामात तरबेज, त्याच कामासारखं दुसरं काही दिसलं की फसतो, एवढं त्यांच्या ध्यानात आलं.

रुपेरी तार हट्टी होती. बोटाखालून सुटायची, उलगडायची, पहिला वेढा दुसऱ्यावर चढायचा. तांब्याची सवय असलेल्या हाताला हा कडकपणा नवा होता. चौथ्या खेपेला सहा वेढे नीट बसले. बटण दाबलं तेव्हा कॉईलचं एक टोक आधी लाल झालं. नानाजींनी चिमट्याने वेढे हलकेच दाबून एकमेकांजवळ आणले. हळूहळू मधला वेढा आधी लाल होऊ लागला आणि लाली दोन्हीकडे सारखी पसरली. पडद्यावर शॉर्टच्या जागी शून्य पॉइंट सात ओहम आलं. त्यांनी पेटी विझवली, पुन्हा पेटवली, पुन्हा विझवली. हे दाखवायला समोर कुणी नव्हतं.

आता राहिला कापूस. त्यासाठी ते दुपारी घरी गेले. देव्हाऱ्याजवळच्या डब्यात केसरबाईंनी वळून ठेवलेल्या वाती होत्या, त्यांच्या माहेरच्या शेतातल्या कापसाच्या. नानाजींनी त्यातली एक लांब वात उचलली, कॉईलच्या पोटातून ओढली, टाकी भरली, आणि न्हाणीच्या बाजूला उभं राहून पहिला झुरका घेतला.

घशात निखारा गेल्यासारखं झालं. ते भिंतीला धरून खोकत राहिले. केसरबाई पदर सावरत धावत आल्या. आधी त्यांनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मग त्यांची नजर काचेच्या टाकीवर पडली.

"ही माही वात होय?"

नानाजींनी तोंडावरचं पाणी पुसलं.

"देवाची वात तुमी या डबड्यात खुपसली?"

"कापूसच पायजे म्हणे."

"म्हणून देवाचा?" केसरबाईंनी टाकी हातात घेतली. इतके दिवस त्यांनी त्या पेटीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता चिमट्याने वात बाहेर ओढली. मध्ये काळी, टोकं अगदी कोरडी. आजूबाजूला रस भरलेला आणि वात कोरडी. हे त्यांना काही पटेना. त्यांनी रसाचा थेंब बोटावर घेऊन चोळला. "हे तेल नोहे. ग्लिसरीन होय. हिवाळ्यात मी टाचांले लावतो ते."

"मंग?"

"मंग काय. कच्चा कापूस तेल पिते, पाणी नाई पित." त्यांनी वाटीत पाणी घेतलं आणि डब्यातला थोडा न वळलेला कापूस त्यावर टाकला. कापूस तसाच तरंगत राहिला, बदकासारखा. "पाहा. याच्यात वावरातला तेलकटपणा हाये. आपली पोरगी मयुरी झाली तवा माह्या मायनं कापूस उकळून घेतला होता. उकळला की पिते."

त्यांनी गॅसवर पातेलं ठेवलं. कापूस दोनदा उकळला, पाणी बदललं, पिळून सुपात वाळत घातला. नानाजी पाटावर बसून बघत होते. उन्हात कापूस वाळेपर्यंत दोघंही अंगणातच होते. वाळल्यावर त्यातला चिमूटभर वाटीत टाकला, तो लगेच बुडाला.

नानाजी तो कापूस वळायला लागले, तशी केसरबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली. "पीळ नका देऊ. वात उभी राहाची असन तं पीळ पायजे. हे तं आडवी निजते. निजणाऱ्याले पीळ कायले?" त्यांनी कापसाचे धागे एका दिशेने विंचरले, टोक ओलं करून कॉईलमधून ओढलं. फार घट्ट झालं. थोडा कापूस काढला. आता कॉईल जागची न हलता तो सरकत होता. टोकं कात्रीने कापून दोन्ही बाजूंना रसात सोडली. एक थेंब वरून टाकला. कापसाने तो गिळला.

नानाजींनी झुरका घेतला. मऊ, गार, पुदिन्याचा. त्यांनी केसरबाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा बघून केसरबाईंना हसू आलं, पण ते त्यांनी लपवलं.

त्या डिसेंबरातल्या दिवसापासून नानाजींनी विडीला हात लावला नाही. दर रविवारी अंगणात बसून दोघं नवी कॉईल भरायची, तार नानाजींची, कापूस केसरबाईंचा. पंधरा दिवस असे गेल्यावर नानाजींनी हळूच विषय काढला. "आता विडी तं गेली."

"गेली ना."

"मंग उद्या येतं का दुकानात?"

केसरबाईंनी पेटीकडे बोट केलं. "ह्याच्यातून निंघते ते काय होय?"

"ते वाफ होय. धूर नोहे."

"माह्या छातीले कोण सांगन, धूर कोणता अन् वाफ कोणती? डॉक्टरीणबाईले विचारू."

दोघं चंद्रपूरच्या बसमध्ये बसली. नानाजींनी पेटी पुसून रुमालात बांधून घेतली होती, सोबत सुटी कॉईलही, दाखवायला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पेटी उलटसुलट करून पाहिली, कॉईल कुणी बांधली विचारलं, छान बांधली म्हणाल्या. मग पेटी परत रुमालात ठेवली. "काका, विडी सोडली हे फार चांगलं केलंत. पण हे यांच्याजवळ नको. आणि तुम्हालाही कायमचं नको. हळूहळू हेही सोडा."

परतीच्या बसमध्ये वर्धा नदीचा पूल येईपर्यंत नानाजी रुमालाची गाठ सोडत-बांधत राहिले. पुलावर ते म्हणाले, "कॉईल चांगली हाय म्हणाल्या."

"म्हणाल्या," केसरबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतला संत्रा सोलून अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.

पेटी दुकानातून मागच्या बोरीखाली गेली, पण तीही सुटेपर्यंत केसरबाई यायला तयार नव्हत्या. ओढायची तर काम ठेवून उठायचं, मागे जायचं, परत यायचं. बारा आकड्याची बाटली संपली, सहाची आली. कुलदीपने हैदराबादहून आणखी पाठवल्या. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. पोळ्यापर्यंत तीनची बाटली सुरू होती आणि बोरीखालच्या खेपा दिवसाला चारवर आल्या होत्या. मोटरी येत होत्या, पण पूर्वीएवढ्या नाहीत. वेढे अजून मधूनच चुकत. स्टुलावर तारेची रिकामी रिळं साचली होती.

सप्टेंबरात कुलदीपचा फोन आला. "मामा, सरकारनं हे सगळं बंद केलं. विकणं, पाठवणं, सगळंच. आता बाटली नाई मिळत."

बाटलीत बोटभर रस होता. तो दहा दिवस पुरला. अकराव्या दिवशी सकाळी नानाजी तीनदा बोरीखाली जाऊन रिकाम्या हाताने परत आले. दुपारी तीन हॉर्सपॉवरच्या मोटरीची एकच कॉईल त्यांनी दोनदा सोडून पुन्हा भरली. ते उठले, चार पावलं चालून लच्छूच्या टपरीवर गेले. लच्छूने काही न विचारता बंडल पुढे केलं. थट्टासुद्धा केली नाही.

नानाजींनी दुकानात बसून दोन विड्या ओढल्या. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराचं नव्हतं.

संध्याकाळी हातपाय धुऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "आज ओढली."

केसरबाई भाकर थापत होत्या. "किती?"

"दोन. बंडल लच्छूले वापस केलं."

केसरबाईंनी भाकर तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली. "दोनशे एकोणनव्वद झाले होते," त्या म्हणाल्या.

नानाजींना आधी कळलंच नाही. मग कळलं, तसे ते उंबऱ्यावरच बसले. एवढे दिवस ही बाई रोज मोजत होती, आणि आपल्याला एका शब्दाने बोलली नाही.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता काय. मधात तार तुटली तं तुमी काय करता? गाठ मारता का?"

गाठ मारलेली कॉईल नानाजींनी कधी कुणाला दिली नव्हती. तार सोडायची आणि पहिल्या वेढ्यापासून भरायची. "किती दिवसांवर येशीन?" त्यांनी विचारलं.

"मोटर तुमची. टर्न तुमी सांगा."

नानाजींनी विचार केला. दोनशे म्हणायचा धीर झाला नाही, तीस म्हणायची लाज वाटली. "ऐंशी."

"ऐंशी," केसरबाई म्हणाल्या आणि भाकर त्यांच्या ताटात टाकली.

ते दिवस कठीण गेले. हात रिकामे राहिले की नानाजी ड्रिलवर रुपेरी तार गुंडाळत, सहा वेढे देत, काढून डब्यात टाकत. ना कापूस, ना रस, कशाच्याही उपयोगाची नाही अशी कॉईल. डबा भरत आला. लच्छू टपरीवरून विचारायचा, "भाऊ, आज कोंबडीचे किती अंडे?" आणि नानाजी आकडा सांगायचे. रात्री ताट वाढताना केसरबाई दुसरा आकडा सांगायच्या, विडीविना गेलेल्या दिवसांचा. एकोणीस. चौतीस. पन्नास. एवढंच बोलणं, पण नानाजी त्यासाठी जेवायला लवकर यायचे.

नोव्हेंबरात गव्हाला पाणी सुरू झालं आणि मोटरी जळायला लागल्या. एका सकाळी नानाजी दांडा फिरवत होते, तर दारात सावली पडली. केसरबाई डबा घेऊन उभ्या होत्या. आत येऊन त्यांनी वास घेतला, एकदा, दोनदा. मग स्टुलावरची रिळं उचलून फळीवर ठेवली, पदराने स्टूल पुसलं आणि बसल्या.

नानाजींचा हात जागीच थांबला. "आज तं सत्तावन्नावा होय. तेवीस बाकी हायेत."

"बाकीचे माह्या डोळ्यांसमोर करा," केसरबाई म्हणाल्या. "कुठी आले होते तुमी?"

"एकोणतीस."

"काट्यावर एकतीस दिसते."

नानाजींनी काट्याकडे पाहिलं, मग सगळी तार सोडली. केसरबाईंनी कात्री शोधली, कागदाचा ताव मांडीवर घेतला आणि म्हटलं, "एक."

अकराच्या सुमाराला विहीरगावचा शेतकरी बुधू दुकानासमोर सायकल लावून आला. केसरबाईंना बघून तो दारातच थबकला. "बाई, आल्या का तुमी? बरं झालं."

"काऊन रे?"

"माही मोटर महिन्यापासून घरी जळून पडली हाय. इंजिनावर पाणी देऊन राह्यलो."

नानाजींनी दांडा न थांबवता मान वर केली. "महिन्यापासून? अन् आणली काऊन नाई?"

बुधूने टोपी काढून डोकं खाजवलं, एकदा नानाजींकडे, एकदा केसरबाईंकडे पाहिलं. "तुमाले राग येईन भाऊ, म्हणून नाई सांगत. दुपारी घेऊन येतो."

तो सायकलवर बसून गेला. नानाजी दुखावल्यासारखं तोंड करून त्याच्या पाठीकडे बघत होते.

"इकडं पाहा," केसरबाई म्हणाल्या. "एकोणसाठ. साऽठ."